कॅनडात उतरताना घरसामानाच्या दोन याद्या : काय लिहायचं, कुठे द्यायचं

गेल्या आठवड्यात नाशिकहून भाच्याचा फोन आला. पीआरची, म्हणजे कॅनडात कायम राहण्याच्या परवान्याची, कागदपत्रं हातात पडलीत, तिकिटं निघालीत, बॅगा अर्ध्या भरून झाल्यात. आणि आता त्याचा प्रश्न : "मावशी, त्या सामानाच्या याद्या खरंच करायच्या का गं? इथे सगळे म्हणतात, विमानतळावर कुणी विचारतसुद्धा नाही."

या याद्या म्हणजे एक बरोबर आणलेल्या सामानाची, दुसरी मागून येणाऱ्या सामानाची. दोन्ही उतरल्यावर कॅनडाच्या सीमाशुल्क खात्याला द्यायच्या. सगळे म्हणतात त्यात अर्धं तथ्य आहे. टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर उतरणाऱ्या बहुतेकांच्या बॅगा कुणी उघडत नाही. पण यादीचं खरं काम त्या दिवशीच्या बॅगांशी नाहीच. ते आहे मागे राहिलेल्या सामानाशी. आम्ही २०१७च्या मार्चमध्ये आलो तेव्हा मी बॅगांची यादी केली, बोटीने येणाऱ्या चौदा खोक्यांची केली, आणि ठाण्याच्या बँकेतल्या लॉकरमध्ये ठेवलेल्या सासूबाईंच्या पाटल्या साफ विसरले. लॉकर म्हणजे काही सामान नव्हे, असंच डोक्यात. २०१९च्या दिवाळीनंतर त्या पाटल्या घेऊन परतले, प्रामाणिकपणे सांगितल्या, आणि जकात व कर मिळून चारशेच्या आसपास डॉलर भरून घरी आले. पहिल्या दिवशी कागदावर एक ओळ लिहिली असती तर हे पैसे वाचले असते.

भाच्याला जे तुकड्यातुकड्याने सांगितलं, ते इथे सलग लिहिते आहे.

सवलत नेमकी कुणाला?

कॅनडात कायमचं राहायला पहिल्यांदाच येणाऱ्याला तिथलं सीमाशुल्क खातं 'सेटलर' म्हणतं. त्याला आपलं वापरातलं घरसामान जकात आणि कर न भरता आणता येतं. अट तीन शब्दांची आहे : वस्तू कॅनडात पोचण्यापूर्वी तुमच्या मालकीची, तुमच्या ताब्यात आणि तुमच्या वापरात असली पाहिजे. तिन्ही गोष्टी हव्यात, दोन चालत नाहीत. भाड्याने किंवा लीजवर घेतलेली वस्तू यात बसत नाही. धंद्यासाठी लागणारी यंत्रं आणि विक्रीचा माल बसत नाही.

'वापरात' या शब्दावर लोक अडखळतात. निघण्याच्या आदल्या दिवशी घेतलेला लॅपटॉप सीलबंद खोक्यातच आणला तर तो वापरातला कसा म्हणायचा? म्हणून नवीन घेतलेल्या वस्तू आधी खोक्यातून काढा, चालू करा, वापरा, आणि बिल फाइलला लावा. अपवाद लग्नाच्या आहेराचा. लग्न येण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत झालं असेल किंवा आल्यावर तीन महिन्यांच्या आत होणार असेल, तर आहेराच्या वस्तू वापरलेल्या नसल्या तरी चालतात. नव्याने संसार मांडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण आहेरातला डिनरसेट वर्षभर माळ्यावरच असतो, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे.

सवलतीने आणलेली वस्तू बारा महिन्यांच्या आत विकली किंवा कुणाला देऊन टाकली, तर तिच्यावरचा कर लगेच भरावा लागतो. म्हणजे 'तिकडे गेल्यावर विकू' अशा हिशेबाने काही आणू नका.

शिकायला येणारे विद्यार्थी आणि ३६ महिन्यांपर्यंतच्या नोकरीसाठी येणारे यांची गणना सेटलरमध्ये होत नाही. ते आपलं सामान तात्पुरते रहिवासी म्हणून आणतात. पुढचं बरंचसं त्यांच्याही उपयोगाचं आहे, विशेषतः खाण्याच्या वस्तूंचं. पण दोन याद्यांची भानगड मुख्यतः पीआरवाल्यांची.

पायरी पहिली : बॅगेआधी वही

बहुतेक जण आधी बॅगा भरतात आणि मग यादीसाठी त्या उपसतात. उलट करा. एक वही घ्या आणि घरभर फिरा : स्वयंपाकघर, कपाटं, माळा, देव्हारा, लॉकर, शिवाय माहेरी, सासरी, भावाकडे ठेवलेलं जे जे तुमचं आहे ते. प्रत्येक वस्तूपुढे एक खूण करा, 'बरोबर' किंवा 'मागून'. या दोन खुणांच्याच पुढे दोन याद्या होतात.

फॉर्मचं नाव बीएसएफ१८६. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'बी-४' असतं, कारण पूर्वी त्याला तेच नाव होतं. जागा कमी पडली तर जोडपान आहे, बीएसएफ१८६ए. दोन्ही सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घरीच भरता येतात, आणि भरावेतच. वीस-बावीस तासांच्या प्रवासानंतर, मांडीवर झोपलेलं पोर घेऊन, विमानतळावरच्या टेबलावर चौसष्ट ओळी लिहायची वेळ आपल्यावर आणू नये.

एक ओळ कशी लिहायची? वस्तूचं वर्णन, कंपनी, मॉडेल, असेल तर अनुक्रमांक, आणि कॅनडियन डॉलरमधली किंमत. किंमत म्हणजे घेतली तेव्हाची नव्हे, आजच्या अवस्थेत तिचे काय येतील ती. आठ वर्षांपूर्वी नव्वद हजाराला घेतलेला कॅमेरा आज तेवढ्याचा नसतो. प्रत्येक चमचा वेगळा लिहायची गरज नाही. कपडे, पांघरुणं, भांडी, पुस्तकं गटाने लिहिली तरी चालतात. पण ज्याला अनुक्रमांक आहे किंवा ज्याची किंमत जास्त आहे, ते वेगळं लिहा.

यादी इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये लागते, आणि इथे आपली खरी परीक्षा होते. मी पहिल्या मसुद्यात सरळ 'सोऱ्या', 'पुरणयंत्र', 'अप्पेपात्र' असं रोमन लिपीत उतरवलं होतं. नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, "हे वाचून अधिकाऱ्याला वाटेल तू औषधं आणतेयस." मग बसून प्रत्येकाचं साधं वर्णन केलं. सोऱ्या झाला 'ब्रास हँड प्रेस फॉर स्नॅक्स', पुरणयंत्र झालं 'हँड फूड मिल', पोळपाट 'राउंड वुडन रोलिंग बोर्ड'. विळीपाशी मात्र अर्धा तास गेला. 'नाइफ' लिहावं तर ती सुरी नाही, आणि खरं वर्णन करावं तर शस्त्रासारखं वाचायला येतं. शेवटी 'व्हेजिटेबल कटर विथ कोकोनट स्क्रेपर, मेटल, ऑन वुडन बेस' असं लिहिलं आणि सोबत फोटो जोडला. काउंटरवरच्या बाईंनी तो फोटो बघून मला विचारलं, यावर बसायचं असतं का! (विळी चेक-इन बॅगेत टाका, धार पुठ्ठ्यात नीट गुंडाळून. हातातल्या पिशवीत ती जाणार नाही, हे सांगायला नको.)

प्रत्येक यादीच्या दोन प्रती काढा. मी तीन काढल्या होत्या, तिसरी घरी आईकडे ठेवली, आणि त्याचा नंतर उपयोग झाला.

पायरी दुसरी : दागिने

बायकांच्या याद्यांमधला सगळ्यात अवघड भाग हाच. 'सोन्याचे दागिने, एकूण' अशी एक ओळ लिहून चालत नाही. पुढे एखादा दागिना आणताना 'हा त्यातलाच' हे सिद्ध कसं करणार? प्रत्येक दागिना वेगळा लिहा : काय आहे, किती कॅरेट, किती ग्रॅम, कोणते खडे, कोणत्या फोटोत आहे. माझ्या यादीतली एक ओळ मराठीत सांगायची तर अशी होती : 'ठुशी, सोनं २२ कॅरेट, ३१ ग्रॅम, गोल मणी, मागे लाल गोंडा, फोटो ४.'

आपल्या सराफाकडे सगळे दागिने घेऊन जा आणि वजनासह मूल्यांकनाचं पत्र मागा. त्यावर तारीख, सही, शिक्का हवा. दागिन्यांचे फोटो काढा आणि त्यांच्या मागे सराफाची सही आणि तारीख घ्या. कॅनडाचं सीमाशुल्क खातं स्वतःच असे सही-तारखेचे फोटो ठेवायला सांगतं. आमचे सराफ आधी वैतागले, मग एकेक दागिना तराजूवर ठेवत त्यांनी प्रत्येकाचा इतिहास सांगायला सुरुवात केली. ही नथ तुमच्या आजेसासूबाईंची, हिचा एक मोती मीच बदललाय. अर्धा दिवस गेला, पण त्या पत्राइतका ठोस कागद माझ्या अख्ख्या फाइलमध्ये दुसरा नव्हता.

आता लॉकर. जे दागिने आत्ता आणत नाही पण तुमचे आहेत आणि कधीतरी आणाल, ते सगळे 'मागून येणाऱ्या' यादीत लिहा. मंगळसूत्र आणि रोजच्या बांगड्या अंगावर असतात म्हणून त्या 'बरोबर'च्या यादीत. कोल्हापुरी साज, तोडे, वाक्या लॉकरमध्ये आहेत म्हणून 'मागून'च्या यादीत. आणशील की नाही हे आज ठरवायची गरज नाही. न आणल्याबद्दल कुणी विचारत नाही. न लिहिल्याबद्दल मात्र पैसे पडतात. आणि आईने 'तुझ्यासाठीच आहे गं' म्हणून ठेवलेलं पण अजून दिलं नाही, ते तुमच्या मालकीचं नाही. ते यादीत घालू नका.

भारताकडच्या बाजूनेही एक काम आहे. अंगावर बरंच सोनं घेऊन निघणार असाल आणि पुढच्या लग्नकार्याला ते परत घेऊन भारतात यायचा विचार असेल, तर निघतानाच विमानतळावरच्या भारतीय सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. नाहीतर परत येताना 'हे सोनं इथूनच नेलेलं आहे' हे तुम्हालाच पटवून द्यावं लागतं. त्यासाठी वेळ लागतो. दागिने आणि मूल्यांकनाचं पत्र हाताशी ठेवा, आणि चेक-इन बॅगेत टाकून बसू नका.

पायरी तिसरी : देव्हारा, समई आणि शंभर वर्षं

कॅनडाच्या नियमांबद्दल सगळे बोलतात, पण काही वस्तू मुळात भारताबाहेरच जाऊ शकत नाहीत. १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या मूर्ती, धातूच्या कलावस्तू वगैरे खाजगी माणसाला परदेशी नेता येत नाहीत. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. म्हणजे पणजोबांच्या हातची पोथी, पिढ्यान्‌पिढ्यांचा पितळी अन्नपूर्णेचा टाक, वाड्यातली दगडी मूर्ती, या गोष्टींचा आधी विचार करा. वस्तू दिसायला जुनी आहे पण तितकी जुनी नाही, असं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून ती 'पुरावशेष नाही' असं प्रमाणपत्र मिळतं. यालाही दिवस लागतात, निघायच्या आठवड्यात होत नाही. खरोखर जुनं असेल ते भावाच्या देव्हाऱ्यात राहू दे. टाक करून द्यायला सोनार आहेत.

कृष्णाच्या मुकुटात खोचलेलं मोरपीसही राहू द्या, मोरपिसांच्या निर्यातीला भारतात बंदी आहे. हस्तिदंताची डबी, हरणाचं शिंग, आजोबांचं मृगाजिन, यांचं नाव काढू नका. वन्यजीवांचे कायदे दोन्ही देशांत कडक आहेत आणि 'वारशाने आलंय' हे उत्तर पुरत नाही.

तुळशीचं रोप घेऊन यायची इच्छा फार जणींना होते. माती आणि रोपं परवान्याशिवाय येत नाहीत. रुजवायच्या बियांनाही रोपांच्या आरोग्याचं प्रमाणपत्र लागू शकतं. इथे उन्हाळ्यात भारतीय दुकानांबाहेर तुळशीची रोपं मिळतात. मातीचं हे प्रकरण चपलांनाही लागू आहे. ट्रेकिंगचे बूट, मुलाची सायकल, बागेची खुरपी, सगळं धुऊन, वाळवून, मातीचा कण न ठेवता भरा.

पायरी चौथी : खाऊ

खाण्याच्या बाबतीत एकच नियम पाठ करा, तो म्हणजे सगळं सांगा. उतरल्यावर विमानतळावरच्या यंत्रावर किंवा सीमाशुल्काच्या ॲपमध्ये प्रश्न येतो, अन्न, वनस्पती, प्राणी किंवा त्यांपासून केलेलं काही आणताय का? 'हो' म्हणा. 'हो' म्हटल्याने दंड होत नाही. फार तर पाच मिनिटं जातात, किंवा एखादी वस्तू टाकून द्यावी लागते. 'नाही' म्हणून बॅगेत काही सापडलं तर १,३०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

गोडा मसाला, हळद, तिखट, चहा, डाळी, कोकम, मेतकूट, भाजणी असा कोरडा माल बहुधा अडत नाही. अडतात दोन गोष्टी. एक म्हणजे ज्याच्यावर काही लिहिलेलं नाही असं घरचं. दुसरी म्हणजे दूध, मांस, अंडी आणि ताजी फळं-भाज्या. आईच्या हातचं लोणचं काचेच्या बरणीत, वर फडकं बांधलेलं, हे आपल्याला ओळखीचं दृश्य. अधिकाऱ्याला त्यात काय आहे ते कसं कळणार? निदान चिकटपट्टीवर इंग्रजीत जिन्नस लिहा. सुका बोंबील, जवळा यांचीही वेगळी ओळ करा, कारण 'सुकं' म्हणजे लोक 'चालतं' असं समजतात. हापूसच्या पेट्या आणू नका. मे महिन्यात इथल्या दुकानांत आंबा येतो. महाग असतो, पण पेटी आणलीत तर जुन्या बॅगेला आंब्याचा वास लागून कुत्र्याने हुंगलं नाही तरच नवल.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणा. स्वतःसाठी जास्तीत जास्त ९० दिवसांची किंवा एका उपचाराला लागतील तेवढी, यांतलं जे कमी असेल ते. आयुर्वेदिक गोळ्या आणि काढे अन्न म्हणून दाखवू नका, औषध म्हणून सांगा. पुड्या बांधून दिलेलं चूर्ण तर मुळीच नको.

काय आणूच नये

भारतातली वीज २३० व्होल्ट, कॅनडातली १२० व्होल्ट. आपला मिक्सर, इस्त्री, इलेक्ट्रिक शेगडी इथे फक्त शोभेला. इथे चालणारे, आपल्या पद्धतीचे मिक्सर विकत मिळतात. लॅपटॉप-मोबाइलचे चार्जर दोन्हीकडे चालतात, प्लगचं तोंड तेवढं बदलावं लागतं. कुकर, तवा, कढई, मोदकपात्र खुशाल आणा.

गाडीचा विचार सोडा. अमेरिका आणि मेक्सिको सोडून इतर देशांतून पंधरा वर्षांपेक्षा नवी मोटार किंवा दुचाकी कॅनडाचे सुरक्षा निकष पाळत नसेल तर येऊच शकत नाही, आणि भारतात विकलेल्या गाड्या ते पाळत नाहीत. जुन्या स्कूटरवर जीव जडलेला असेल तर गोष्ट वेगळी. मग वयाचा पुरावा जमवा आणि खिशाकडेही बघा.

पैसे

रोख, बँक ड्राफ्ट, धनादेश असं सगळं मिळून १०,००० कॅनडियन डॉलर किंवा त्याहून जास्त बरोबर असेल तर ते सांगावं लागतं. त्याचा फॉर्म वेगळा, ई६७७. हा कर नाही, नुसती नोंद आहे. कितीही आणायला बंदी नाही. न सांगितल्यास मात्र पैसे जप्त होऊ शकतात. ड्राफ्ट रोख नसतो म्हणून मोजायचा नाही, असं समजू नका.

उतरण्याच्या दिवशी

आधीचं सगळं नीट झालं असेल तर हा दिवस सोपा जातो. सीमाशुल्काची पूर्वघोषणा ॲपवरून ७२ तास आधी करता येते, त्याने यंत्रापुढचा वेळ वाचतो. नाहीतर यंत्रावर भरा. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की ही सगळी कामं कॅनडात पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच होतात. कॅलगरीला जायचंय पण विमान आधी व्हँकुव्हरला थांबतंय, तर याद्या व्हँकुव्हरलाच द्यायच्या. दोन विमानांमधला वेळ त्या हिशेबाने ठेवा. दीड तासात हे होत नाही.

क्रम साधारण असा असतो : यंत्र, मग इमिग्रेशनची खोली, जिथे पीआरचा कागद पक्का होतो. तिथे ताटकळत बसावं लागतं, मुलांसाठी खाऊ ठेवा. मग सामानाचा पट्टा. आणि मग, बाहेर पडायच्या दारापूर्वी, सीमाशुल्काचा काउंटर. हाच बहुतेकांकडून चुकतो. इमिग्रेशन झालं, अधिकारी 'वेलकम टू कॅनडा' म्हणाला, आपल्याला हायसं होतं, बॅगा ढकलत माणूस सरळ बाहेर. बाहेर पडलात की पुन्हा आत जाता येत नाही.

दारापाशी उभ्या असलेल्याला सरळ सांगा, मला मागून येणाऱ्या सामानाची यादी द्यायची आहे. ते बाजूच्या काउंटरवर पाठवतील. तिथे दोन्ही याद्या, पासपोर्ट, पीआरचा कागद द्या. अधिकारी चाळतात, दोन-चार वस्तूंबद्दल विचारतात, सही-शिक्का करतात, फाइलचा क्रमांक घालतात आणि एक प्रत तुम्हाला परत देतात. ती हातात आल्यावर तिथेच उभं राहून बघा : शिक्का आहे का, क्रमांक आहे का, जोडपानांवरही खूण आहे का. आमच्या दुसऱ्या जोडपानावर शिक्का राहिला होता, नवऱ्याच्या लक्षात आलं म्हणून बरं. आणि विमानतळावरच्या वायफायवर लगेच फोटो काढून स्वतःला मेल करा.

पहिल्यांदा नुसतं पाऊल लावून, आठ-पंधरा दिवसांत परत जाऊन मग आवराआवर करून येणारेही पुष्कळ असतात. त्यांनीही यादी त्या पहिल्या फेरीतच द्यावी.

मद्य-तंबाखूचा कोटा सेटलरलाही मिळतो. दारू १.१४ लिटर किंवा वाइन १.५ लिटर, सिगारेटी २००. वयाची अट प्रांताप्रमाणे आहे. ओंटारियोत १९ वर्षं.

मागून येणारे खोके

बोटीने माल पाठवायचा असेल तर न्हावाशेवाहून मालवाहू कंपन्या माल उचलतात. घर छोटं असेल तर अख्ख्या कंटेनरची गरज नसते. इतरांच्या मालाबरोबर आपले खोके जातात. यात खर्च कमी पण वेळ जास्त, दोन-तीन महिने धरून चाला.

दर ठरवताना 'कॅनडापर्यंत' आणि 'दारापर्यंत' यांतला फरक लेखी घ्या. आमच्या मालवाहूने ठाण्यात सांगितलेला आकडा छान होता. टोरांटोला खोके उतरल्यावर गोदामाचं भाडं, हाताळणी, कागदपत्रांचा खर्च अशी तीन वेगळी बिलं आली, आणि 'हे तर तिकडचे चार्जेस, ताई' हे उत्तर. सीमाशुल्क खात्याने कंटेनर तपासायला काढला तर त्या तपासणीचा खर्चही मालकाच्या माथी येतो, हेही आधीच धरून ठेवा.

लाकडी क्रेटमध्ये माल भरणार असतील तर लाकडावर उष्णता-प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा. जाळीदार गव्हासारखी ती खूण असते, बाजूला देशाचं अक्षर आणि क्रमांक. शिक्का नसलेलं लाकूड आलं तर माल परत पाठवला जाऊ शकतो. खात्रीचा उपाय म्हणजे पुठ्ठ्याचे दुहेरी खोके.

प्रत्येक खोक्यावर क्रमांक घाला, तीन बाजूंना, जाड मार्करने. मालवाहूची पॅकिंग यादी आणि तुमची सीमाशुल्काची यादी एकमेकींशी जुळली पाहिजे. त्यांचा माणूस भरभर 'हाउसहोल्ड आयटम्स' असं चौदा वेळा लिहितो. त्याला थांबवून पाचव्या खोक्यात काय, सहाव्यात काय ते लिहायला लावा. त्याला कंटाळा येतो, चहा द्या.

माल इथे पोचला की सूचना येते. मग तुम्ही स्वतः, शिक्क्याची यादी, पासपोर्ट, पीआर कार्ड किंवा पीआरचा कागद आणि मालाची पावती घेऊन सीमाशुल्क कार्यालयात जायचं. आमचं गोदाम टोरांटोशेजारच्या मिसिसागातच होतं, कार्यालय दहा मिनिटांवर. अधिकाऱ्याने यादी ताडून पाहिली, तंबोऱ्याबद्दल विचारलं. 'भोपळा' म्हटल्यावर त्याला भाजी वाटली, मग तारा दाखवल्या. तिथून सुटकेचा कागद मिळतो, तो गोदामात दाखवला की खोके हातात. रांग असेल तर दोन तास, नसेल तर वीस मिनिटं. गोदामातला मोफत मुक्काम मोजक्या दिवसांचाच असतो, त्यामुळे सूचना आल्यावर 'शनिवारी बघू' म्हणू नका.

आणि सही करण्याआधी मोजा. आमचे तेरा निघाले. गोदामातला माणूस म्हणाला, कागदावर तेराच आहेत. मी आईकडे ठेवलेल्या प्रतीचा फोटो मागवला. त्यात चौदा. नऊ नंबरचा खोका दुसऱ्या कुणाच्या फळीवर होता, त्यात गोधड्या आणि सोऱ्या.

शिक्क्याची मूळ प्रत आता पासपोर्टच्या फाइलमध्ये आहे. पुढच्या खेपेला लॉकरमधून काही आणायचं असेल तेव्हा तिची गरज लागेल, म्हणून ती टाकायची नाही, लॅमिनेटही करायची नाही. इथून भारतात फेरी मारताना लॅपटॉप, कॅमेरा अशा अनुक्रमांकाच्या वस्तू निघतानाच सीमाशुल्क खात्याकडे दाखवून छोटं कार्ड करून घेता येतं, म्हणजे परत येताना 'हे नवीन घेतलं का' हा प्रश्न येत नाही. दागिन्यांसाठी ते कार्ड मिळत नाही. दागिन्यांना सराफाचं पत्रच. भाच्याला मी काल एवढंच विचारलं, की तुझ्या बायकोचा लॉकर कोणत्या बँकेत आहे, आणि किल्ली कुणाकडे?